मुंबई किनाऱ्यावरील तेलतवंग आणि त्यांचे निर्मूलन : एक ऐतिहासिक विचार

‘तवंग’ हा शब्द मराठी माणसास प्रथम आठवतो तो स्वयंपाकघरातला. आमटीवर वा रश्श्यावर तरंगणारा तेलाचा पातळ थर, असा त्याचा रूढ अर्थ आहे. समुद्रावर पसरलेल्या खनिज तेलासही वृत्तपत्रांनी हाच शब्द लावला आणि तो सोयीचा असल्याने रुळला. परंतु तो केवळ पृष्ठभागावर दिसणाऱ्या वस्तूचे नाव आहे, हे लक्षात घेणे अगत्याचे आहे. पाण्यात विरघळलेले, चिखलात मुरलेले, कालवांच्या देहात साठलेले तेल ‘तवंग’ या संज्ञेत येत नाही. तेल-आपत्तींच्या शासकीय नोंदींतही पुष्कळदा हीच मर्यादा आढळते. तवंग नाहीसा झाला की प्रकरण मिटले, अशी त्यांची रचना असते.

या विषयाचा आधुनिक इतिहास सामान्यतः 18 मार्च 1967 पासून मोजतात. त्या दिवशी ‘टॉरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळील खडकांवर आदळले आणि सुमारे 1 लक्ष 19 हजार टन कच्चे तेल समुद्रात गेले. तवंग फोडण्यासाठी तेथे सुमारे 10 हजार टन अपमार्जके ओतण्यात आली. पुढे प्लिमथ येथील सागरी प्रयोगशाळेच्या संशोधकांनी दाखवून दिले की, किनाऱ्यावरील जीवांचा संहार तेलापेक्षा या द्रव्यांनीच अधिक केला. जेथे अपमार्जके फवारली नव्हती तेथील खडकांवरील जीवसृष्टी दोनतीन वर्षांत पूर्ववत होऊ लागली. जेथे सढळ हाताने फवारली होती तेथे नऊदहा वर्षे लागली. 1989 साली अलास्कात ‘एक्सॉन वाल्डेझ’च्या अपघातानंतर खडक उष्ण पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी धुण्यात आले, तेव्हाही तेलातून वाचलेले जीव त्या स्नानाने दगावले. उपाय अपायाहून महाग पडल्याची ही दोन ठळक उदाहरणे होत.

अरबी समुद्राचा प्रश्न याहून निराळा आहे. आखाती देशांचे तेल याच समुद्रातून जगभर जाते. 1974 मध्ये मुंबई हाय येथे तेलाचा शोध लागून 1976 पासून उत्पादन सुरू झाल्यावर त्यात स्थानिक स्रोताची भर पडली. गोव्याच्या व कोकणच्या पुळणींवर दरवर्षी नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर डांबराच्या गोळ्या येऊन पडतात. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्यांचे रासायनिक पृथक्करण केले असून, टाक्या धुऊन समुद्रात सोडलेले जहाजांचे तेल आणि मुंबई हायचे तेल या दोहोंकडे त्यातून निर्देश होतो. या गोळ्यांना ना अपघाताची तारीख असते ना आरोपी. इतिहासकाराच्या दृष्टीने हा प्रदूषणाचा सर्वांत दुर्लक्षित प्रकार आहे.

17 मे 1993 रोजी मुंबई हाय क्षेत्रातील तेलवाहिनी फुटली. तटरक्षक दलाच्या नोंदीत सांडलेले तेल 6 हजार टन धरले आहे. याउलट 7 ऑगस्ट 2010 रोजी ‘एम.एस.सी. चित्रा’ आणि ‘खलिजिया-3’ या जहाजांच्या टकरीतून गेलेले इंधनतेल सुमारे 800 टन असल्याचा अंदाज होता. आकडा इतका लहान असूनही लोकस्मृतीत 2010 ची घटनाच ठळक राहिली, आणि ते योग्यच आहे. 1993 चे तेल किनाऱ्यापासून दूर सांडले. 2010 चे बंदराच्या मुखाशी, ऐन पावसाळ्यात. तेलाची हानी टनांत मोजणे हे कितपत अपुरे आहे याचा याहून चांगला पुरावा मिळणे कठीण.

‘चित्रा’ न्हावा-शेवा बंदरातून बाहेर पडत होते. त्यावर सुमारे 1200 कंटेनर आणि 2600 टनांहून अधिक इंधनतेल होते. टकरीनंतर ते प्रॉंग्ज दीपगृहानजीक कलंडले आणि शेकडो कंटेनर समुद्रात पडले. जहाजावरील 31 कंटेनरांत कीटकनाशकादी घातक द्रव्ये होती. नौकानयन काही दिवस बंद पडले. तटरक्षक दलाने जहाजांवरून व हेलिकॉप्टरांतून विकिरक द्रव्यांची फवारणी केली. खवळलेल्या समुद्रात तेल उपसणारी यंत्रे व तरते अडसर फारसे चालत नाहीत, हे ध्यानी घेतल्यास या निवडीमागील निकड समजते. तथापि विकिरक तेल नष्ट करीत नाही. त्याचे सूक्ष्म थेंब करून ते पाण्याच्या उभ्या स्तंभात मिसळते. खोल व वाहत्या पाण्यात ते विरते. उथळ खाडीत मात्र तेच तेल कोलंबीच्या पिलांपर्यंत व तळाच्या शिंपल्यांपर्यंत पोहोचते.

भरतीबरोबर तेल रायगडच्या किनाऱ्यास, घारापुरीस आणि खाड्यांतील कांदळवनांस जाऊन भिडले. मुंबईच्या खाड्यांत तिवर हे झाड प्रमुख होय. त्याची श्वासमुळे चिखलातून बोटभर वर येऊन हवा घेतात. जाड इंधनतेलाने ती माखली की मूळ गुदमरते. शिवाय ती पुसता येत नाहीत, कारण माणसाच्या पायांखाली तेल चिखलात आणखी खोल जाते. येथे बहुधा काहीच न करणे हा उत्तम उपाय ठरतो, आणि तोच प्रशासनास पटविणे सर्वांत कठीण.

नारळी पौर्णिमा त्या वर्षी 24 ऑगस्टला होती. यांत्रिक नौका पावसाळी बंदीमुळे किनाऱ्यालाच होत्या. परंतु खाडीत हाताने निवट्या, चिंबोऱ्या, कालवे गोळा करणाऱ्यांचा, त्यांतही कोळी व आगरी स्त्रियांचा, उद्योग पावसाळ्यातही चालू असतो. मासे खाण्याविषयी धास्ती पसरली, बाजारातील मागणी घटली. शास्त्रीयदृष्ट्या पाहता मासे तेलातील बहुचक्रीय कर्बसंयुगांचे विघटन बऱ्यापैकी वेगाने करतात, कालवे व शिंपले मात्र ती दीर्घकाळ साठवितात. म्हणजे ज्यांची मिळकत सर्वांत तुटपुंजी, त्यांचाच माल अधिक काळ संशयास्पद राहतो. नौकेची व जाळ्याची नोंद असते. चिखलातून वेचलेल्या टोपलीची नसते, म्हणून भरपाई मागताना त्यांच्यापाशी पुरावाही नसतो.

सफाई करणाऱ्यांच्या आरोग्याचा प्रश्न याहूनही मागे पडलेला आहे. ताज्या तेलातून उडणाऱ्या बेंझीनादी वायूंनी डोकेदुखी, मळमळ, घशाची जळजळ होते. अंगास लागलेल्या तेलाने त्वचादाह होतो. स्पेनमध्ये 2002 च्या ‘प्रेस्टीज’ अपघातानंतर सफाईत भाग घेतलेल्या मच्छीमारांच्या अभ्यासात श्वसनाच्या तक्रारी व गुणसूत्रांतील विकृती काही वर्षांनंतरही आढळल्या. अमेरिकेत 2010 च्या ‘डीपवॉटर होरायझन’ दुर्घटनेनंतर सुमारे 33 हजार व्यक्तींची नोंद करून त्यांचे आरोग्य दीर्घकाळ पाहण्यात आले. त्याच वर्षीची मुंबईची घटना टनांच्या आणि कंटेनरांच्या आकड्यांनी सांगितली जाते. हाताने तेल उचलणाऱ्यांची गणना त्या कथनात नाही.

कायद्याची वाटचाल संथ झाली. 1978 च्या तटरक्षक दल कायद्यानंतर 1986 मध्ये तेलप्रदूषण-निवारणाच्या समन्वयाचे काम या दलाकडे आले, आणि राष्ट्रीय आपत्कालीन योजना 1996 मध्ये जारी झाली. जहाजांच्या इंधनतेलाविषयीचा 2001 चा आंतरराष्ट्रीय करार 2008 पासून अंमलात होता, परंतु ‘चित्रा’च्या वेळी भारत त्याचा सदस्य नव्हता. 4 ऑगस्ट 2011 रोजी ‘रॅक कॅरियर’ हे 60 हजार टन कोळसा व सुमारे 340 टन इंधन घेऊन मुंबईपासून सुमारे 20 सागरी मैलांवर बुडाले. 23 ऑगस्ट 2016 रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्याच्याशी संबंधित कतारमधील कंपनीस पर्यावरणहानीपोटी 100 कोटी आणि कोळशाच्या मालक कंपनीस 5 कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. बुडालेला कोळसाही प्रदूषणच होय, ही त्या निर्णयातील भूमिका विशेष उल्लेखनीय आहे. कारण कोळशाला तवंग येत नाही.