एकशे साठ चौरस फूट

मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर आम्ही एक उद्योग केला. समाजमंदिरापुढच्या अंगणात चुन्याने दहा फूट रुंद, सोळा फूट लांब चौकोन आखला आणि दहाजणी त्यात जाऊन बसलो. एका कोपऱ्यात मोरी, दुसऱ्या कोपऱ्यात स्टोव्ह, पाण्याचं पिंप, कपड्यांची ट्रंक, सगळं धरलं. मग झोपायचं कुठं, यावर बराच वेळ हसणं चाललं. आमच्या गटातल्या एक मावशी मात्र हसल्या नाहीत. लग्नानंतरचं त्यांचं पहिलं घर एवढंच होतं, वरळीच्या बीडीडी चाळीत. माणसं सात.

त्या चाळींची गोष्ट आज सांगायची आहे.

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात, १९२० मध्ये हे खातं निघालं. गिरण्यांना माणसं हवी होती आणि माणसांना राहायला जागा नव्हती. सरकारने ५० हजार खोल्या बांधायचं ठरवलं आणि खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर लावला. म्हणजे कापूसही खेड्यातला आणि कामगारही खेड्यातलाच! ५० हजार खोल्या काही झाल्या नाहीत. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, मधून लांब पॅसेज, संडास सामाईक. खोली १६० चौरस फुटांची. अशा सुमारे साडेसोळा हजार खोल्या. भाडं परवडेना म्हणून सुरुवातीला कितीतरी रिकाम्या पडल्या. १९३० च्या कायदेभंगात सरकारने वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. घर म्हणून बांधलेली इमारत तुरुंगालाही चालून गेली, यावरून नकाशा काढणाऱ्याच्या डोळ्यापुढे काय होतं ते समजावं.

पुढे चाळी भरल्या. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची माणसं आली. गिरणगावात एकेका खोलीत एका गावचे दहा-पंधरा गडी पाळीपाळीने झोपायचे, बायकामुलं गावी. त्यांना जेवू घालायचं काम केलं खाणावळवाल्या बायकांनी. स्वतःच्या एवढ्याशा खोलीत स्टोव्ह पेटवून वीस-वीस माणसांचा स्वयंपाक. हजेरीपटावर त्यांचं नाव नाही, पगाराच्या यादीत नाही. गिरणीचा संप झाला की त्या उधारीवर वाढायच्या आणि वाणी अडला की सावकाराकडे जायच्या. या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये एकत्र आणलं आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आपल्या बचतगटाला आज बँकेत खुर्ची मिळते, तिच्या आधीची ही वाट आहे.

आता त्या चाळी पाडून नव्या इमारती होत आहेत. काम म्हाडाकडे आहे. भूमिपूजन २०१७ मध्ये झालं, पण काम वेग घेईपर्यंत आणखी काही वर्षं गेली. शिवडीची जमीन बंदराच्या मालकीची, म्हणून त्या चाळी यात आल्या नाहीत. रहिवाशांना ५०० चौरस फुटांचं घर फुकट, मालकीचं, आणि खर्च निघावा म्हणून त्याच जागेवर जास्तीची घरं बांधून विकायची, असा हिशेब आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली इमारतीतल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या.

आम्हाला याचा आनंदच आहे. रात्री पोटात कळ आली तर पॅसेजच्या टोकापर्यंत जाऊन रांगेत उभं राहायचं, पाळीच्या दिवसांत आडोसा नाही, बाळंतिणीला कोपरा नाही. हे भोगलेल्या बाईला चाळीतली माया कुणी सांगू नये.

तरी मावशींनी एक गोष्ट काढली. त्या म्हणाल्या, "आमचं घर १६० फुटांचं नव्हतंच. पॅसेज धरून मोजा." खरंच. धान्य निवडणं, पापड लाटणं, पोराला शेजारणीकडे टाकून कामाला पळणं, सगळं पॅसेजमध्ये. शंभर वर्षांपूर्वीच्या नकाशात ती नुसती जायची वाट होती. तिला घर केलं ते बायकांनी. नव्या घराचे फूट तिप्पट झाले, पण तिसाव्या मजल्यावरची बाई डबे करून विकणार असेल तर पिठाची पोती लिफ्टने जातील का? लिफ्टचा, पाण्याच्या पंपाचा खर्च ती कशातून भरेल? हे प्रश्न नकाशा कागदावर असतानाच विचारायचे असतात. भिंत उभी राहिल्यावर विचारून काय उपयोग?

आणि बायका नकाशा करू शकतात. १९८० च्या दशकात भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या महिला मिलनच्या बायकांनी आपल्या घराचं माप साड्या लावून घेतलं. खोली लहान तर लहान, पण उंची चौदा फूट ठेवा म्हणजे पोटमाळा निघेल, हे त्यांनी ठरवलं. चुन्याचा चौकोन आम्हाला त्यांच्यावरूनच सुचला.

आता आपलं. घरकुल योजनेत कमीत कमी २५ चौरस मीटरचं घर धरलंय, स्वयंपाकाच्या जागेसकट. म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. आमच्या गटातल्या एका ताईचं घरकुल मंजूर झालंय. तिचा शेवयांचा धंदा आहे, दोन शेळ्या आहेत. गवंडी म्हणतो, सगळ्यांचं करतो तसंच करू, दार रस्त्याकडे. तिला ओसरी मागच्या अंगाला हवी आहे, कारण ऊन तिकडं येतं. सासरे अजून तयार नाहीत.

सोमवारी पाया आखायचा आहे. गवंडी नऊ वाजता येतो. आम्ही आठ वाजता दोरी, खुंट्या आणि चुना घेऊन तिच्या जागेवर जमणार आहोत, आणि मावशींनी सासऱ्यांशी बोलायचं कबूल केलंय.