दारी येणारी रानवट मांजर : घ्यावयाची काळजी

मागल्या दारी किंवा जिन्याखाली एखादी मांजर रोज ठरावीक वेळी येऊन बसू लागते. कोणी वाटीभर दूध ठेवते, कोणी पोळीचा तुकडा टाकते. काही महिन्यांतच तेथे पिल्ले दिसू लागतात आणि शेजाऱ्यांच्या तक्रारींना तोंड फुटते. म्हणूनच पहिली वाटी ठेवतानाच पुढील जबाबदारीचा विचार करावयास हवा.

स्वभाव ओळखा
हरवलेली किंवा घराबाहेर सोडलेली मांजर बहुधा शेपूट उभी करून जवळ येते, ओरडून लक्ष वेधते. माणसांपासून दूर वाढलेली मांजर मात्र अंग चोरून बसते, चाहूल लागताच पळते. पिल्ले साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाळतात. प्रौढ रानवट मांजरीला घरात कोंडणे तिच्यासाठी शिक्षाच ठरते.

आहार
मांजर मूलतः मांसाहारी आहे. टॉरिन हे पोषकद्रव्य तिला मांस-मासळीतून मिळते. त्याच्या अभावी डोळे आणि हृदय यांचे विकार जडतात. त्यामुळे केवळ दूध-पोळी पुरेशी नाही. अनेक प्रौढ मांजरांना दूध पचत नाही व जुलाब होतात. मीठ-मसाला न घातलेले, हाडे काढलेले उकडलेले चिकन किंवा मासे, अथवा मांजरांसाठीचे तयार खाद्य द्यावे. कांदा, लसूण व चॉकलेट विषारी आहेत. पाणी रोज बदलावे. खाणे ठरावीक वेळी देऊन उरलेले लगेच उचलावे. अन्यथा उंदीर-घुशींचा उपद्रव वाढतो.

निर्बीजीकरण
मादी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते. गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा असून वर्षात एकाहून अधिक वेळा पिल्ले होतात. म्हणून निर्बीजीकरणाला पर्याय नाही. हाताने पकडण्याचा प्रयत्न न करता प्राणिमित्र संस्थेच्या मदतीने पिंजरा लावावा. त्याच वेळी रेबीजची लस टोचून घ्यावी. शस्त्रक्रियेची खूण म्हणून कानाचे टोक किंचित कापतात. बरी झालेली मांजर पूर्वीच्याच जागी सोडावी. निर्बीजीकरणानंतर बोक्यांच्या मारामाऱ्या आणि उग्र वासाच्या लघवीचा त्रासही कमी होतो. केंद्र सरकारच्या २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत मांजरांचाही समावेश आहे.

चावा अथवा ओरखडा
मांजरीपासूनही रेबीज होऊ शकतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, तिखट वा चुना लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. गर्भवती महिलांनी मांजरीची विष्ठा साफ करू नये.

हेही लक्षात ठेवा
- मांजर आजारी वाटल्यास पॅरासिटामॉल कधीही देऊ नये. तिच्यासाठी ते जीवघेणे आहे. पशुवैद्यकाला विचारावे.
- एकटी दिसणारी पिल्ले लगेच उचलू नयेत. आई भक्ष्य शोधण्यास गेलेली असते. काही तास दुरून लक्ष ठेवावे.
- पावसाळ्यात आडोशाला खोके आडवे ठेवून आत कोरडे गोणपाट अंथरावे.
- मांजरे उबेसाठी मोटारीच्या इंजिनाजवळ शिरतात. गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर थाप मारावी.

मांजर जवळ येईलच असे नाही. दुरून पोट भरून ती निर्धास्त निघून गेली, तरी आपली काळजी सार्थकी लागली असे समजावे.