खरकट्यातला इतिहास

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काहीतरी लिहून द्यावे असे ठरले, तेव्हा कुणी पाककृती घेतली, कुणी भजनाविषयी लिहिण्याचे कबूल केले. मी इतिहास घेतला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शाळेतल्या इतिहासात राजे होते, लढाया होत्या, सनावळ्या होत्या. पण त्या काळी गावोगाव चुलीपुढे बसणाऱ्या बाईबद्दल एक ओळही नव्हती. ती काय शिजवीत होती, मुलांच्या ताटात काय वाढीत होती, हे तिने लिहून ठेवले नाही आणि दुसऱ्या कुणाला लिहावेसे वाटले नाही. मात्र तिची भांडी जमिनीत राहिली आहेत, आणि त्या भांड्यांना लागलेले खरकटे आता रसायनशास्त्राच्या मदतीने वाचता येऊ लागले आहे. त्याविषयी मला जे समजले, ते भगिनींपुढे ठेवीत आहे.

यातले मूळ तत्त्व आपणा बायकांना नवीन नाही. ज्या गाडग्यात वर्षानुवर्षे दही लावले, ते कितीही घासले तरी त्याचा वास जात नाही. तेलाचा डेरा बाहेरून पाझरून काळा पडतो. मातीच्या भांड्याला बारीक छिद्रे असतात; शिजताना सुटलेला स्निग्धांश त्यांत शिरतो व तिथेच मुरतो. स्निग्ध पदार्थ पाण्यात विरघळत नाही, आणि छिद्रांच्या आत मातीतल्या जंतूंपासून त्याचा थोडाफार बचाव होतो. म्हणून भांडे फुटून तीन-चार हजार वर्षे जमिनीत पडले, तरी त्या खापरात पूर्वीच्या स्वयंपाकाचा अंश राहू शकतो. आपल्यासारख्या उष्ण देशात तो फारच थोडा राहतो, आणि पुष्कळ खापरांत काहीच हाती लागत नाही. तरीही काही खापरे बोलतात.

तपासणीची रीत अशी. खापराचा वरचा पापुद्रा खरवडून टाकतात, कारण त्याला मातीचा व माणसांच्या हाताचा संसर्ग झालेला असतो. आतल्या भागाची पूड करून ती रासायनिक द्रावणात घालतात व स्निग्धांश बाहेर काढतात. मग यंत्रातून त्यातली आम्ले एकेक करून वेगळी होतात. दुधातला स्निग्धांश आणि त्याच जनावराच्या मांसातली चरबी दिसायला सारखी. पण कार्बनचे अणू काही हलके व काही जड असतात, आणि या दोहोंत त्यांचे प्रमाण थोडे निराळे पडते. तेवढ्या फरकावरून दूध कोणते व मांस कोणते हे ओळखता येते. दुसरी रीत सूक्ष्मदर्शकाची. धान्य, कंद, हळद, आले यांच्या पिष्टाचे कण प्रत्येकाचे वेगळ्या आकाराचे असतात. ते भांड्याला, पाट्याला, इतकेच काय, माणसाच्या दातांवरच्या कीटणालाही चिकटून राहतात.

ही शास्त्रे येण्यापूर्वी आपल्याच जिल्ह्यात मोठे उत्खनन झाले होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. शां. भा. देव यांनी 1950-51 साली नाशिकला गोदाकाठच्या मातीच्या गढीवर आणि संगमनेरजवळ प्रवरेकाठी जोर्वे येथे खोदकाम केले. जोर्व्याला तांबड्या रंगाची, वर काळी नक्षी काढलेली, वाजवली तर खणखणीत वाजणारी भांडी मिळाली. त्यांत तोटीची भांडीही होती. महाराष्ट्रात तशी भांडी पुढे पुष्कळ ठिकाणी निघाली, आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकरी लोकांना जोर्वे संस्कृतीचे लोक असे नाव पडले. भांड्यांचा घाट, रंग, नक्षी यांचा तेव्हा बारकाईने अभ्यास झाला. पण तोटीतून पाणी ओतीत की दूध, हे नुसत्या घाटावरून कसे कळावे?

ते उत्तर देणारी कामे अलीकडे आपल्या देशात झाली आहेत, आणि त्यांतल्या दोन ठिकाणच्या उत्खननांत डेक्कन कॉलेजचाच हात होता. हरियाणात रोहतक जिल्ह्यात फरमाना नावाचे गाव आहे. तिथे डॉ. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली हडप्पा काळातली वस्ती उकरली गेली. तिथली भांडी, वाटण्याचे दगड व माणसांचे दात अरुणिमा कश्यप या संशोधक बाईंनी स्टीव्ह वेबर यांच्यासह तपासले, आणि 2010 साली जाहीर केले की त्यांवर हळदीचे व आल्याचे कण सापडले. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वी तिथल्या एखाद्या बाईने पाट्यावर आले ठेचले, भांड्यात हळद टाकली, आणि ते अन्न कुणाच्या तरी दाताखाली गेले. आज आपण कोरड्यासाला हळद टाकताना ती किती जुनी चाल आहे, हे मनात येत नाही.

दुसरे ठिकाण कच्छमधले कोटडा भादली. तिथल्या 59 खापरांची तपासणी 2020 साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या काही खापरांत दुधाचा अंश मिळाला. इ. स. पूर्व 2500 च्या सुमारास तिथे दूध नुसते प्यायले जात नव्हते, भांड्यांतून त्यावर काही प्रक्रिया होत होती, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. ही काढणी, तापवणी, विरजणी त्या काळी कोण करीत होते, हे खापर सांगत नाही. मला मात्र तिथे कमरेला ओचा खोचलेली बाईच दिसते.

तिसऱ्या अभ्यासाविषयी थोडे जपून लिहावे लागते. केंब्रिज विद्यापीठात अक्षयेता सूर्यनारायण यांनी वायव्य भारतातल्या हडप्पाकालीन वस्त्यांची खापरे तपासली. त्यांत राखीगढीची खापरेही होती. 2020 च्या अखेरीस आलेल्या या अभ्यासात दूध थोड्या खापरांत मिळाले. डुकराची असावी अशी चरबी, आणि गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या यांच्या मांसाचे अंश जास्त मिळाले. हे वाचून काही जणींना बरे वाटणार नाही. मी स्वतः शाकाहारी घरातली, मलाही क्षणभर कसेसेच झाले. पण आवडेल तेवढेच वाढून घ्यावे, असे इतिहासाचे ताट नसते. हळद सापडली की अभिमानाने सांगायचे आणि मांस सापडले की शास्त्र खोटे म्हणायचे, हा न्याय नव्हे. यंत्र एकच, खापर एकच. पूर्वीच्या बाईने तिच्या घरी जे मिळाले ते शिजविले व मुलांना जगविले. तिला आपल्या पसंतीची गरज नाही.

या शास्त्राच्याही मर्यादा आहेत, आणि त्या गृहिणीला चटकन कळतात. एकाच भांड्यात आज वरण, उद्या दूध, परवा भाजी होते. खापरात सगळ्यांचा अंश एकत्र मुरतो. म्हणून अमुक दिवशी अमुक पदार्थ केला, असे त्यावरून ठरविता येत नाही.

अन्नाखेरीज इतर गोष्टींचेही अवशेष राहतात. नेवाशाच्या उत्खननात एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तांब्याच्या क्षारामुळे मण्यांच्या आत दोऱ्याचा अंश कुजला नव्हता. वस्त्रतंतूंचे जाणकार डॉ. गुलाटी यांनी तो तपासला, आणि 1961 साली तो रेशमाचा व त्यासोबत कापूस असल्याचे प्रसिद्ध झाले. तीन हजार वर्षांपूर्वी गेलेल्या लेकराच्या गळ्यात कुणीतरी रेशमात ओवलेली माळ राहू दिली होती. कुठल्याही ग्रंथात नसलेली ही गोष्ट दोऱ्याच्या कणभर तुकड्याने सांगितली.

आपल्या वणीकरांना या विषयाची ओळख गडावरच झाली आहे, असे मला वाटते. 2022 साली आई सप्तशृंगीच्या मूर्तीच्या संवर्धनासाठी मंदिर सुमारे दीड महिना दर्शनाला बंद होते. पिढ्यान्‌पिढ्या चढलेला शेंदराचा शेकडो किलोंचा लेप काढल्यावर आईचे मूळ रूप दिसले. अनेकींच्या डोळ्यांना पाणी आले, काहींच्या मनात शंकाही आल्या. शेंदूर शिशापासून होतो आणि हिंगूळ पाऱ्यापासून; दोन्ही लाल, पण रसायनशास्त्राला ते वेगळे ओळखता येतात. असा थरावर थर चढलेला लेप म्हणजे भक्तांनी नकळत लिहिलेली वहीच असते. कुठल्याही देवळात लेप काढताना प्रत्येक थराचा नमुना आधी नोंद करून जपावा. एकदा टाकून दिलेला थर परत मिळत नाही.

माझे सांगणे भगिनींना यासाठी की, अशा वह्या आपल्याच हातून नाहीशा होतात. जुन्या गावठाणाची पांढरी माती आपण सारवायला आणतो, शेतात टाकतो. तिच्यात खापरे निघाली तर ती फेकतो, नाहीतर मुलांच्या खेळासाठी चोळून धुऊन देतो. धुतल्याने आत मुरलेला स्निग्धांश कदाचित टिकेल. पण वर चिकटलेला करपट थर व पिष्टाचे कण निघून जातात. साबण आणि आपल्या हाताचे तेल लागले की तपासणीत घोटाळा होतो. म्हणून नक्षीचे खापर, जळके धान्य, जुने मणी दिसले, तर तिथली जागा उकरू नये व वस्तू धुऊ नये. कुठे सापडले ते लिहून ठेवावे आणि ग्रामपंचायतीमार्फत राज्य पुरातत्त्व विभागाच्या नाशिक कार्यालयाला कळवावे. घरात पाटे-वरवंटे घासण्यात आपला जन्म जातो. एवढी एक वस्तू मात्र न घासता ठेवावी.

मंडळाच्या भगिनी गावातल्या घराघरांत जातात. हा निरोप त्यांनी सोबत न्यावा, एवढीच विनंती.