तुंगार डोंगराचा स्थलदर्शक नकाशा : एक ऐतिहासिक वाचन

आगाशीहून पूर्वेस दिसणारी तुंगार डोंगराची रांग भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ४७ ए/१५ या स्थलदर्शक नकाशात येते. पंधरा मिनिटे अक्षांश व तितकेच रेखांश एवढाच त्याचा आवाका. १७६७ साली स्थापन झालेल्या या विभागाचे जुने नकाशे एक मैलास एक इंच या प्रमाणाचे असत. दशमान पद्धतीनंतर १:५०,००० हे प्रमाण रूढ झाले. या प्रमाणावर समोच्चरेषांमधील अंतर साधारणतः २० मीटर असते. त्यामुळे आगाशी-सोपाऱ्याची सपाटी जवळजवळ कोरी, तर तुंगारावर रेषांची दाटी, असे चित्र उमटते.

तथापि किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातील असे नकाशे दीर्घकाळ निर्बंधित होते. वसईच्या विद्यार्थ्याने समोच्चरेषा शिकायच्या त्या देशावरील एखाद्या डोंगराच्या, समोरच्या डोंगराच्या नव्हेत! २००५ चे राष्ट्रीय नकाशा धोरण व २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वे यांनी ही स्थिती बदलली.

नकाशाचे खरे महत्त्व मात्र अध्यापनापलीकडचे आहे. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव वनाची सीमा ही निर्णायक रेषा ठरली. भातरोपांच्या वाफ्यांवर फांद्या-पाला जाळण्याची राबाची पद्धत ठाणे जिल्ह्यात सर्रास होती आणि ती या रेषेशी थेट भिडली. १८८७ च्या मुंबई वन आयोगापुढे ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील हाच वाद होता. नकाशात जंगलाला हिरवा व शेतीला पिवळा रंग मिळतो; राबासाठी शेतकरी ज्या झाडांवर अवलंबून होता, त्यांना वेगळे चिन्ह नाही.

२००३ मध्ये तुंगारेश्वर अभयारण्य घोषित झाले. त्यानंतर आलेल्या २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांनी गॅझेटिअर, सर्वेक्षण अहवाल व नकाशे यांना पुराव्यात स्थान दिले. अनुसूचित जमातींखेरीज इतर पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वास दाखवावा लागतो. अशा वेळी १९३० पूर्वीच्या पत्रकावरील झोपडीचे एक चिन्ह किंवा पाऊलवाटेची तुटक रेषा मोलाची ठरते. उलटपक्षी, चिन्ह नाही म्हणून वस्ती नव्हती, असा निष्कर्ष काढणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. मोजणी प्रायः कोरड्या ऋतूत होई, आणि हंगामी खोपटी पुढच्या पावसाळ्यापर्यंत उभी असेलच असे नाही. म्हणून पत्रकाच्या समासात छापलेले मोजणीचे वर्ष प्रथम वाचावे, मुद्रणाचे नंतर; या दोहोंत कित्येकदा बरेच अंतर असते.