‘णे’ आणि ‘इंग’

ओटावात गाडी लावायच्या जागेची पाटी तुम्ही रोज पाहता. इंग्रजीत ‘पार्किंग’, फ्रेंचमध्ये ‘स्तासिओनमाँ’. गंमत अशी की पॅरिसचा फ्रेंच माणूस सर्रास ‘पार्किंग’ म्हणतो. तो ‘शॉपिंग’ही करतो. इथल्या फ्रेंचांनी मात्र दुकानासाठीच्या ‘मागाझें’ या आपल्याच शब्दावरून ‘मागाझिने’ हे क्रियापद घडवलं आणि ते रोजच्या बोलण्यात रुजवलं. या बाबतीत आपण मराठी माणसं पॅरिसकर आहोत. स्विमिंग करतो, कुकिंग करतो, पॅकिंग करतो.

हे ‘इंग’ मराठीत इतक्या सहज का शिरतं, ते समजायला आपल्या ‘णे’कडे पाहावं लागेल.

‘पोहणे’ हे धातुसाधित नाम. म्हणजे धातूपासून बनलेलं, पण वाक्यात नामाचं काम करणारं. त्याला लिंग आहे (ते नेहमी नपुंसकलिंगी), त्याला विभक्ती लागते: पोहण्याचा, पोहण्यात, पोहण्यासाठी. तरीही त्याचा क्रियापदाचा स्वभाव सुटत नाही. ‘तुझं येणं’ म्हटलं तर ते नामासारखं वागतं. ‘तू वेळेवर येणं गरजेचं आहे’ म्हटलं की लगेच कर्ता आणि क्रियाविशेषण जवळ घेतं.

या ‘णे’चं नातं संस्कृतातल्या ‘अन’ प्रत्ययाशी आहे: गमन, पठन, करण. पाणिनीने हा प्रत्यय क्रियेसाठी सांगितला, तसाच ती क्रिया ज्याने होते त्या साधनासाठीही सांगितला. ही दुहेरी चाल आपल्या स्वयंपाकघरात अजून जिवंत आहे. पोळी लाटणे ही क्रिया, आणि ती ज्याने लाटायची तेही लाटणेच. उलथणे तसंच, मुलांचं खेळणेही तसंच. गायलं जातं ते गाणे, द्यायचं राहिलं ते देणे.

छापील व्याकरणांचा काळ आला तो एकोणिसाव्या शतकात. विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण 1805 मध्ये श्रीरामपूरला छापलं गेलं, तेही इंग्रजीत. मोल्सवर्थच्या 1831 च्या कोशात क्रियापदं ‘करणें’, ‘जाणें’ अशीच नोंदलेली दिसतात, म्हणजे कोशात क्रियापदाची ओळखच या नामाने होते. 1836 मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी अवघ्या बाविसाव्या वर्षी ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केलं, आणि मराठी मुलाला आपल्या भाषेचे नियम आपल्या भाषेत वाचता येऊ लागले. 1911 मध्ये मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आलं. पुढे 1962 च्या लेखननियमांनी ‘करणें’वरचा न उच्चारला जाणारा अनुस्वार काढला. लिहिण्याची रीत बदलली, ‘णे’ टिकलं.

आता तुमच्या घरातल्या मुलांकडे या. इंग्रजीतलं एक ‘स्विमिंग’ बरीच कामं करतं. मराठीत त्याची वाटणी होते: पोहणं चांगलं, मला पोहायला आवडतं, तो पोहतोय, पोहणारा मुलगा, पोहताना दमलो. इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या मुलाला ही वाटणी अवघड जाते. मग सोपी वाट सापडते: ‘स्विमिंग’ला नाम मानायचं आणि पुढे ‘करणे’ लावायचं. वाक्य चुकत नाही, व्याकरणही मोडत नाही. म्हणूनच तर कुणी टोकत नाही.

पण हिशेब पाहा. ‘पोहणे’ गेलं की एकटं जात नाही. पोहून, पोहता, पोहणारा, पोहायला, सगळं कुटुंब जातं. कुकिंग, क्लीनिंग, पॅकिंग अशी वीस-पंचवीस नामं घरात आली की मुलाच्या तोंडी एकच मराठी क्रियापद उरतं, ‘करणे’.

म्हणून प्रत्येक ‘इंग’ हाकलून द्यावं असं नाही. रिडो कालवा 1832 मध्ये खुला झाला. 1971 पासून हिवाळ्यात त्याच्या बर्फावर शहर स्केटिंग करतं, पावणेआठ किलोमीटरपर्यंत. कोकणात किंवा देशावर कालवा गोठत नव्हता, त्यामुळे आपल्याकडे त्याला जुना शब्द नाही. ‘स्केटिंग करणे’ खुशाल म्हणावं. नव्या गोष्टीबरोबर नवं नाव येतंच.

ज्या कामाला आपलं क्रियापद आहे, तिथे मात्र ते वापरावं. ‘पॅकिंग झालं का?’ऐवजी ‘बॅग भरलीस का?’ ‘क्लीनिंग करतेय’ऐवजी ‘घर आवरतेय’. आणि स्केटिंगला गेल्यावरही बूट बांधायचे असतात, तोल सावरायचा असतो, घसरायचं असतं, पडून उठायचं असतं. एका ‘स्केटिंग’च्या मागेपुढे मुलाला पाच मराठी क्रियापदं देता येतात. मूल ती पाठ करून शिकणार नाही, तुमच्या तोंडून ऐकूनच शिकेल.