भुई भेगाळली, आभाळ फाटलं : काही वाक्यांवरचं भाष्य

अलंकार ओळखताना विद्यार्थी आधी ‘जणू’, ‘सारखा’ असे शब्द शोधतात. सेलू तालुक्यातल्या वालूरसारख्या काळ्या मातीच्या गावात जमीन-आभाळाबद्दल जे बोललं जातं, त्याला ही खूण पुरत नाही. तिथे आधी माती माहीत असावी लागते.

‘भुई भेगाळली.’
इथे अलंकार नाही. काळी माती ओल मिळाली की फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वाक्य अक्षरशः खरं आहे. ही जमीन न पाहिलेला वाचक इथे उगाच अतिशयोक्ती शोधेल.

‘भुईनं आ वासलाय.’
भेगा त्याच, पण आता चेतनगुणोक्ती झाली. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेच्या तीन अटी सांगितल्या आहेत : सरळ अर्थ अडला पाहिजे, नव्या अर्थाशी त्याचं नातं पाहिजे, आणि तसं बोलण्यामागे रूढी किंवा हेतू पाहिजे. जमिनीला तोंड नसतं, इथे अर्थ अडला. भेग उघड्या तोंडासारखी दिसते, हे नातं. पावसाची निकड ऐकणाऱ्याला भिडावी, हा हेतू. तिन्ही अटी तीनच शब्दांत पुऱ्या झाल्या.

‘दिवस कासराभर वर आला.’
या सगळ्यांत मला हे वाक्य श्रीमंत वाटतं. कासरा म्हणजे बैल हाकताना हातात धरायचा दोर. त्या दोराची लांबी क्षितिज आणि सूर्य यांच्यामधल्या अंतराला लावली आहे. साम्य कुठे सांगितलेलं नाही, म्हणून उपमा नाही. सूर्याला बैल म्हटलेलं नाही, म्हणून रूपकही नाही. ‘दिवस’ हा शब्द सूर्यासाठी आला, ती रूढ लक्षणा. खरी करामत मापात आहे. आभाळ मोजायला बोलणाऱ्याने स्वतःच्या हातातली वस्तू घेतली, आणि त्यातून वेळेबरोबर त्याचं कामही कळलं : सकाळ आहे, औत जुंपलेलं आहे. अलंकाराचं नाव सांगून थांबणाऱ्याच्या हातून नेमकं हेच निसटतं.

‘आभाळ फाटलं.’
मुसळधार पावसाबद्दल असेल तर अतिशयोक्ती. घरावर संकट कोसळल्याबद्दल असेल तर पाऊस संपला, रूपक उरलं. ठिगळ कुठे लावायचं हा प्रश्न त्याच कापडाचा. निवाडा प्रसंगच करतो.

‘बारवेत आभाळ उतरलंय.’
वालूरच्या बारवेच्या पायऱ्या सर्पिल, गोल फिरत तळाकडे जाणाऱ्या. पाण्यातलं प्रतिबिंब खरंच आभाळ वाटलं तर भ्रांतिमान. बोलणाऱ्याला ते प्रतिबिंब असल्याचं ठाऊक असेल, तर भ्रांतिमान टिकत नाही; ती अतिशयोक्ती. ‘उतरलंय’ हे क्रियापद मात्र पायऱ्यांमुळेच इतकं चपखल बसतं. साध्या विहिरीवर त्यातलं अर्धं बळ जाईल.

‘आभाळ जणू काजळ ओततंय.’
‘जणू’ दिसलं की उपमा म्हणण्याची घाई होते. ‘मृच्छकटिका’त अशाच आशयाचा श्लोक येतो आणि दंडीने ‘काव्यादर्शा’त त्यावर सविस्तर वाद घातला आहे. ‘काजळासारखं आभाळ’ यात दोन वस्तू तोलल्या आहेत, ती उपमा. इथे ‘जणू’ क्रियापदाला लागलं आहे, आणि क्रियापद उपमान होऊ शकत नाही, हे दंडीचं म्हणणं. अंधार पसरतो आहे. तो कुणीतरी ओतत असावा, ही कल्पना बोलणाऱ्याची. म्हणून उत्प्रेक्षा.