मेंदूतला डाग आणि ‘नक्की सांगता येत नाही’

औशातल्या गटांच्या बैठकीत ‘डोक्याचा फोटो काढायचाय’ म्हणून कर्ज मागितलेलं आम्ही पुष्कळदा ऐकतो. लातूरला जायचं, पैसे भरायचे आणि रिपोर्टात लिहून येतं, डाग नक्की कशाचा ते सांगता येत नाही. मग पैसे पाण्यात गेले असं वाटतं. पण अशाच डागांनी आपल्या देशातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही कोड्यात टाकलं होतं.

माणसाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये झाला. पेशंट एक बाईच होती. पुढे ही मशीन आपल्याकडे आली आणि फिट येणाऱ्या कितीतरी लेकरांच्या, तरुणांच्या मेंदूत एकच बारका गोल डाग दिसू लागला. आपल्याकडे टीबी फार, म्हणून पुष्कळांना टीबीच्याच गोळ्या सुरू झाल्या, त्याही महिनोन्‌महिने. पण नुसत्या फिटच्या गोळ्या घेणाऱ्या काही जणांचेही डाग आपोआप जिरले!

तेव्हा वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. मॅथ्यू चांडी, डॉ. वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सोबत्यांनी असे डाग काढून तपासले. बहुतेक डाग चपट्या जंताच्या अळीचे निघाले. १९८९ साली त्यांनी ते जाहीर केलं. हा जंत डुकराच्या कच्च्या मांसातून माणसाच्या पोटात जातो. पण त्याची अंडी त्या माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, भाजीवर, हातावर येतात. म्हणून माळकरी घरातही हा आजार होतो. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

१९९३ साली त्यांनी खुणाही मांडल्या. डाग दोन सेंटिमीटरपेक्षा लहान, डोक्यात दाब वाढलेला नाही, हातापायाची ताकद कमी होत चाललेली नाही, तर तो बहुधा अळीचा. अशा वेळी फिटच्या गोळ्या चालू ठेवून काही महिन्यांनी पुन्हा फोटो काढतात. टीबी किंवा गाठही असू शकते, म्हणून हे डॉक्टरांनीच ठरवायचं. गोळ्या मात्र मनानं बंद करायच्या नाहीत.

रिपोर्टाखाली ‘क्लिनिकल कोरिलेशन’ लिहिलेलं असतं. म्हणजे पेशंटला तपासून, त्रासाशी जुळवून ठरवा. फोटो वाचणाऱ्यानं बहुतेक वेळा पेशंटला तपासलेलं नसतं. म्हणून फिट कधी आली, किती वेळ होती, हे आपण सांगायचं. मोबाइलवर व्हिडिओ असेल तर दाखवायचा. “डॉक्टर, हे आणखी कशाचं असू शकतं? पुन्हा फोटो कधी? काय झालं तर लगेच यायचं?” एवढं विचारलं तर कुणी रागावत नाही, आणि रागावलं तरी विचारायचं. जाताना नुसता कागद नको, जुनी फिल्मही न्या. डाग वाढला की जिरला, हे दोन्ही फोटो शेजारी धरल्यावरच कळतं.